माफी मागायची नाही

ही १९७२ सालची गोष्ट. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरांत तेव्हा कोळशाच्या खाणी जोरात होत्या, आणि दर दुसऱ्या घराच्या ओसरीत खाणीतून परतलेला एक माणूस खोकत बसलेला असे. लॉरेल फोर्कच्या खोऱ्यात असाच एक हायरम टॅकेट होता. खाणीने माझी फुप्फुसं ठेवून घेतली आणि उरलेला माल घरी पाठवला, असं तो स्वतःच हसत सांगायचा. त्याची बायको ऑर्फा गावच्या शाळेत स्वयंपाकीण होती. घर चालायचं ते तिच्या पगारावर.

ऑर्फा हाडापेराने दणकट, आणि आवाजाने त्याहून दणकट. चर्चमध्ये ती गायला लागली की पियानो वाजवणारीने हात आवरते घ्यावेत, अशी रीत पडून गेली होती. शाळेतल्या मुलांना तिची गरम, पावासारखी बिस्किटं आवडायची आणि तिची भीतीही वाटायची. दोन्ही गोष्टी तिला मान्य होत्या.

मान्य नव्हतं ते पिवळं तिकीट. ज्या मुलांच्या घरची ऐपत नसे त्यांना सरकारकडून दुपारचं जेवण फुकट होतं. पण काउंटीच्या, म्हणजे जिल्ह्याच्या, शाळा मंडळाने अशी टूम काढली की त्या मुलांनी पिवळं तिकीट शर्टाला टाचून यावं आणि खिडकीजवळच्या वेगळ्या टेबलावर बसावं. म्हणे हिशोबाला सोपं. बाकीची मुलं त्या टेबलाला भिकाऱ्यांचा बाक म्हणत. हळूहळू त्या बाकावर बसणारी मुलं कमी झाली. त्यांची गरिबी सरली होती असं नाही. ती जेवायच्या सुट्टीत अंगणात उभी राहून, भूक नाही म्हणून सांगायची.

त्या वर्षी फेब्रुवारीत मंडळाची जाहीर सभा भरली. सभासद बसले, मागच्या सभेचा वृत्तान्त वाचून झाला, आणि अध्यक्ष क्लीव्ह मॅकॉर्डने रिवाजाप्रमाणे विचारलं, ‘‘कुणाला काही बोलायचंय?’’ कुणी बोलत नसे, म्हणूनच विचारायचा रिवाज होता. ऑर्फा उठली.

‘‘क्लीव्ह, तुमच्या गुरांच्या कानाला तुम्ही बिल्ला लावता, ते मला समजतं. गुरं हरवतात. मुलांना कशाला बिल्ला लावता? मी रांधते ते अन्न सगळ्यांसाठी एकाच भांड्यात शिजतं. लाज वाटायची तर ती तुम्हाला वाटायला हवी, त्यांना नको.’’

सभेत कुणीतरी टाळी वाजवली आणि लगेच खोकल्याचं निमित्त केलं. दुसऱ्या आठवड्यात ऑर्फाला कामावरून काढलं. कारण सांगितलं, उद्धटपणा. क्लीव्ह स्वतः येऊन दारात उभा राहिला. तो काही राक्षस नव्हता. धान्याचं दुकान चालवायचा, लग्नामयतीला हजर असायचा. ‘‘ऑर्फा, पुढच्या सभेत उभी राहा आणि माफी माग. एक वाक्य. मग सोमवारपासून ये कामावर.’’

‘‘मी खोटं बोलले का, क्लीव्ह?’’

‘‘खऱ्याखोट्याचा प्रश्न नाही. चारचौघांत बोललीस.’’

‘‘मग माफी कशाची मागू? चारचौघांची?’’

तो गेला. हायरम आतून म्हणाला, ‘‘अगं, एक वाक्य तर होतं. तू रोज मला दहा ऐकवतेस.’’

‘‘तुला ऐकवते ती खरी असतात म्हणून ऐकवते,’’ ऑर्फा म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी हमरस्त्यावरच्या मोटेलात खोल्या झाडायच्या कामाला लागली.

गरिबांचे खटले फुकट चालवणारं एक छोटं ऑफिस त्या सुमारास काउंटीच्या गावात न्हाव्याच्या दुकानावर उघडलं होतं. तिथे लेनोर फाइन नावाची एक तरुण वकील बसायची. पिट्सबर्गची पोर, केस कुरळे, मोटार डुगडुगती. चर्चचा पास्टर ऑडी याने ऑर्फाला तिच्याकडे नेलं. लेनोरने सगळं ऐकून घेतलं आणि पहिलंच वाक्य असं बोलली की ऑर्फा चिडली.

‘‘मुलांसाठी तुम्ही दावा लावू शकत नाही.’’

‘‘का? त्यांना तोंड नाही म्हणून तर मी बोलले.’’

‘‘कोर्टात ज्याचं स्वतःचं काही गेलंय त्यालाच उभं राहता येतं. मुलांचा अपमान झाला तो मुलांचा. तुमची नोकरी गेली ती तुमची. दावा नोकरीचा लावायचा. तुम्ही वादी, मंडळ प्रतिवादी. पण नोकरी का गेली ते सांगताना पिवळी तिकिटं आपोआप कोर्टात येतात. ती तुम्ही ओढून आणायची गरज नाही.’’

‘‘आणि कोर्ट कुठलं? आपलं? तिथला न्यायाधीश क्लीव्हबरोबर हरणाच्या शिकारीला जातो.’’

‘‘म्हणूनच तिथे जायचं नाही.’’ लेनोर पुढे झुकली. ‘‘या देशात कोर्टांचे दोन जिने आहेत. एक राज्याचा. त्यातला न्यायाधीश निवडून येतो, त्याला पुढच्या खेपेला क्लीव्हची मतं लागतात. दुसरा जिना फेडरल. तिथला न्यायाधीश राष्ट्राध्यक्ष नेमतो, सेनेट मान्य करते, आणि मग तो जन्मभराचा. त्याला कुणाचं मत लागत नाही, कुणाची भीड लागत नाही.’’

‘‘म्हणजे माझ्यासारखाच उद्धट,’’ ऑर्फा म्हणाली.

‘‘पण त्या जिन्यावर कुणालाही चढू देत नाहीत. शेजाऱ्याची गाय तुमच्या कोबीत शिरली तर फेडरल कोर्ट तुमचं तोंडही बघणार नाही. देशाचा कायदा मोडला किंवा राज्यघटना मोडली असेल तर दार उघडतं. बोलण्याचा हक्क घटनेत आहे, आणि शाळा मंडळ म्हणजे सरकारच. सरकारने बोलल्याबद्दल शिक्षा केली, हा आपला मुद्दा.’’

पास्टर ऑडी हलक्या आवाजात म्हणाला, ‘‘आणि हरलो तर तुरुंग?’’

‘‘तुरुंग फौजदारीत असतो. ही दिवाणी बाब आहे. इथे कुणी तुरुंगात जात नाही.’’

‘‘क्लीव्हसुद्धा नाही?’’ ऑर्फाने विचारलं. तिचा आवाज जरा पडल्यासारखा झाला.

फेडरल कोर्ट डोंगराखालच्या गावात पोस्टाच्या वरच्या मजल्यावर होतं. न्यायाधीशाचं नाव थर्मन. पांढऱ्या भुवयांचा, कधी न हसणारा म्हातारा. मंडळाचा वकील पर्सेल याने उत्तरच दिलं नाही. दावा सुरुवातीलाच फेटाळा, एवढाच अर्ज केला. उन्हाळ्यात थर्मनने निकाल वाचला. वादी म्हणते ते सर्व खरं मानलं तरी कायदा तिला काही देऊ शकत नाही, स्वयंपाकिणीचं सभेतलं बोलणं म्हणजे नोकरीतली तक्रार, दावा खारीज.

बाहेर पायऱ्यांवर ऑर्फाने लेनोरचा दंड धरला. ‘‘पोरी, मला नीट सांग. मी खोटारडी आहे असं म्हणाला का तो?’’

‘‘नाही. या टप्प्यावर सगळं खरंच मानायचं असतं. खरं मानूनही कायद्यात जागा आहे का, एवढंच बघतात.’’

‘‘म्हणजे मी खरी आहे, आणि घरी जा?’’

‘‘हो.’’

‘‘खोटारडी म्हणाला असता तर परवडलं असतं!’’ ऑर्फा एवढ्या मोठ्याने बोलली की पोस्टातली माणसं बाहेर आली. ‘‘खोटं ठरले असते तर गप्प बसले असते. खरी मानून हाकलतो म्हणजे काय? याच्या वर कोण आहे?’’

वर रिचमंडचं अपील कोर्ट होतं. आमच्यासह आजूबाजूच्या राज्यांची फेडरल अपिलं तिथे जातात. त्याच्याही वर वॉशिंग्टनला सर्वोच्च न्यायालयाचे नऊ जण बसतात, पण ते आपल्याला वाटेल तेवढेच खटले घेतात, त्यांच्या दारात नुसती रांग लावून चालत नाही. रिचमंडला मात्र अपील करायचा हक्क असतो. लेनोरने कागद पाठवले. तारीख हिवाळ्यातली पडली.

आता इथे एक घोटाळा झाला, आणि तो आमच्याच लोकांकडून होण्यासारखा होता. आमच्या चर्चमध्ये रविवारी माणसं उठून साक्ष देतात. देवाने काय केलं, सैतानाने काय केलं, कुणाचा हात कसा बरा झाला, जो तो उभा राहून सांगतो आणि बाकीचे आमेन म्हणतात. जितक्या साक्षी जास्त तितका देव जवळ, हे आम्ही आईच्या दुधाबरोबर शिकलेलो. ऑर्फाचा खटला मोठ्या कोर्टात निघाला म्हटल्यावर पास्टर ऑडीने चर्चची बस काढली. लेनोर सांगत होती की तिथे तुमचं काम नाही. पण साक्षीदारांचं काम नाही असं कोर्ट असतं, यावर कुणाचा विश्वास बसेना. बस भरली. पिवळ्या तिकिटांच्या मुलांच्या आया होत्या, टोपी घालून आयसीमावशी होती, जिचं वय तिलाही माहीत नव्हतं. हायरम सर्वांत पुढच्या सीटवर, शेजारी खोकल्याची बाटली. बर्फातून डोंगर उतरताना सगळ्यांनी आपापल्या साक्षी घोकल्या. मधे एकदा थांबून मक्याचा पाव आणि थंड बीन्स खाल्ले.

कोर्टाची खोली उंच आणि शांत होती. तीन न्यायाधीश एका ओळीत बसले. ज्युरी नाही, साक्षीदाराची खुर्ची नाही, बायबल नाही. लेनोर उभी राहिली आणि तिने दुसरं वाक्य पुरं करायच्या आत एकाने तिला अडवलं. मग दुसऱ्याने. स्वयंपाकिणीच्या जागी मुख्याध्यापक असता तर? सभेऐवजी स्वयंपाकघरात बोलली असती तर? शिस्तीचं काय? ऑर्फाचं नावसुद्धा कुणी घेतलं नाही. ‘अपीलकर्ती’ म्हणत होते. मंडळाचा पर्सेल उठला, त्यालाही तसंच टोकलं.

तेवढ्यात मागच्या बाकावरून आयसीमावशी उभी राहिली. ‘‘मी साक्ष द्यायला आलेय!’’

कोर्टाचा शिपाई धावला. मधल्या न्यायाधीशाने हात वर करून त्याला थांबवलं. ‘‘बसा, आजी. या कोर्टात साक्ष घेत नाहीत. खालच्या कोर्टाने कायदा बरोबर लावला की नाही, एवढंच आम्ही बघतो.’’

‘‘मग एवढ्या लांब बोलावलंत कशाला?’’

‘‘आम्ही बोलावलं नव्हतं,’’ तो म्हणाला, आणि त्याच्या ओठाची कड हलली.

मावशी बसली. ‘‘काय माणसं!’’ ती कुजबुजली, म्हणजे सगळ्यांना ऐकू गेलं.

बोलणी संपली आणि एक अजब प्रकार झाला. तिन्ही न्यायाधीश उंच जागेवरून खाली उतरले, झगे सावरत वकिलांच्या टेबलांपाशी आले आणि सगळ्यांशी हात मिळवू लागले. लेनोरशी हात मिळवला. पर्सेलशीही मिळवला, तितक्याच प्रेमाने. हायरमने ऑर्फाला कोपराने ढोसलं. ‘‘बघ. सगळे एका माळेचे मणी. झालं आपलं.’’ ऑर्फालाही वाटलं, निकाल इथेच लागला.

‘‘रीत आहे इथली,’’ लेनोर बाहेर सांगत होती. ‘‘दोन्ही बाजूंशी मिळवतात. त्याचा निकालाशी काही संबंध नाही.’’ पण ऐकतंय कोण? बसपाशी सगळे गारठून उभे होते. घोकलेल्या साक्षी तशाच पोटात राहिलेल्या. अशा वेळी क्लीव्ह मॅकॉर्ड हातात टोपी घेऊन आला. पर्सेल लांब उभा राहिला.

‘‘ऑर्फा, पुरे झालं. तिकिटं आम्ही ख्रिसमसपासून बंद केली, तुला माहीत आहे. टेबलही काढलं. मुलं सगळी एकत्र जेवतात. तुला हवं होतं ते झालं ना? आता तुझी जागाही परत घे. मी शब्द देतो. फक्त ते एक वाक्य.’’

सगळे ऑर्फाकडे बघू लागले. हायरमला खोकल्याची उबळ आली आणि त्याने बसच्या दांड्याला धरलं. मोटेलातल्या कामाने ऑर्फाच्या हातांची साल निघाली होती. तिने लेनोरकडे पाहिलं.

‘‘तडजोड करायची की नाही हे वकील ठरवत नाही,’’ लेनोर म्हणाली. ‘‘ते तुमचं आहे. आणि खरं सांगायचं तर आपण हरूही शकतो.’’

पास्टर ऑडी पुटपुटला, ‘‘नम्रतेला देव आशीर्वाद देतो, ऑर्फा.’’

‘‘देवापुढे गुडघे टेकते मी. क्लीव्ह देव कधी झाला?’’ ऑर्फा क्लीव्हकडे वळली. ‘‘तिकिटं काढलीत, चांगलं केलंत. म्हणजे मी बोलले ते बरोबर होतं, हे तुम्हीच कबूल केलंत. मग आता तर मुळीच नाही. मी माफी मागितली तर उद्या दुसरी कुणी उठेल का सभेत? तिला माझं उदाहरण दाखवाल. बघा, ऑर्फासुद्धा वाकली. तुम्हाला मी कामावर नकोच आहे, क्लीव्ह. तुम्हाला माझं वाकणं हवंय. ते मिळणार नाही. मरेपर्यंत मोटेल झाडीन.’’

‘‘हायरम, तू तरी सांग तिला,’’ क्लीव्ह म्हणाला.

हायरमने श्वास गोळा केला. ‘‘इतकी वर्षं सांगतोय. एकदा तरी ऐकलं असतं तर तुझ्यासाठी सांगून पाहिलं असतं.’’

आयसीमावशी बसच्या पायरीवरून ओरडली, ‘‘आमेन!’’ आणि सगळी बस आमेन म्हणाली. वाटेत कुणी झोपलं नाही. ज्याची त्याची साक्ष बसमध्येच झाली, ऑर्फाला ऐकवायला.

वसंतात रिचमंडचा निकाल आला. खालचा हुकूम रद्द. सार्वजनिक सभेत मुलांच्या जेवणाविषयी बोलणं ही नोकरीतली तक्रार नव्हे, नागरिकाचं बोलणं आहे. खटला परत पाठवला. ऑर्फाने मोटेलची बादली तिथेच टाकली. ‘‘जिंकलो!’’

‘‘नाही,’’ लेनोर फोनवर म्हणाली. ‘‘लढायची परवानगी मिळाली. आता खरा खटला चालणार. थर्मनपुढेच.’’

‘‘त्याच म्हाताऱ्यापुढे? तो डूख धरेल माझ्यावर!’’

पण थर्मनने डूख धरला नाही. वरच्या कोर्टाने कायदा सांगितला की खालच्याने तो पाळायचा. आपल्याला चूक ठरवलं याचा राग त्याच्या भुवयांतही दिसला नाही. शरदात ज्युरी बसली. रेल्वेचा एक गार्ड, शिवणकाम करणारी, दोन शेतकरी, असली आमच्यातलीच माणसं. थर्मनने त्यांना समजावलं की या खटल्यात तिळभरही शंका उरणार नाही इतकी खात्री लागत नाही, ती फौजदारीतली गोष्ट. इथे पारडं ज्या बाजूला जरासं झुकेल ती बाजू खरी. प्रश्नही एकच. बोलली म्हणून काढली का?

या खेपेला साक्षीदाराची खुर्ची होती. ऑर्फाने शपथ घेतली आणि खुर्ची भरून बसली. पर्सेल मऊ आवाजात सुरू झाला.

‘‘मिसेस टॅकेट, अध्यक्षांना खाजगीत सांगता आलं नसतं का?’’

‘‘सांगितलं होतं.’’

हा प्रश्न पर्सेलने विचारायला नको होता. ‘‘केव्हा?’’

‘‘शाळेची पाहणी करायला आले होते तेव्हा. माझ्या स्वयंपाकघरात उभे होते. मी म्हटलं, क्लीव्ह, ती तिकिटं काढा, पोरं उपाशी राहतात.’’

‘‘आणि ते काय म्हणाले?’’

‘‘आणखी एक बिस्किट मागितलं.’’

रेल्वेचा गार्ड हसला. शिवणकामवाली हसली नाही. ती क्लीव्हकडे बघत राहिली.

‘‘तुम्ही सगळ्या गावासमोर मंडळाची बेअब्रू केलीत. आजही त्याचं वाईट वाटत नाही?’’

‘‘मला वाईट वाटतं,’’ ऑर्फा म्हणाली, ‘‘की एक वर्ष आधी बोलले नाही. पोरं अंगणात उभी राहायची आणि मी खिडकीतून बघत भांडी घासायचे. त्यांची मी माफी मागते, आत्ता, इथे, शपथेवर. मंडळाची नाही. मंडळाला सांगा, माझ्याकडे आज हीच माफी शिल्लक होती आणि ती संपली.’’

पर्सेलने प्रश्न संपल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी क्लीव्हला खुर्चीत बसवलं. लेनोरने त्याला एकच गोष्ट विचारली. तिने माफी मागितली असती तर कामावर घेतलं असतं? क्लीव्ह खोटं बोलणारा नव्हता. हो म्हणाला. म्हणजे स्वयंपाकात खोट नव्हती? नव्हती. मग खोट कशात होती? ‘‘तिच्या बोलण्यात,’’ क्लीव्ह म्हणाला.

जेवायच्या सुट्टीआधी ज्युरी परत आली. बोलली म्हणून काढली. थर्मनने हुकूम दिला की बाईला तिच्याच शाळेत, तिच्याच जागेवर परत घ्यावं, आणि बुडालेला पगार द्यावा. पर्सेलने विचारलं, सभेत दिलगिरीचं एखादं निवेदन तरी? थर्मनने पांढऱ्या भुवया उचलल्या. ‘‘हुकुमात मला तसं काही दिसत नाही.’’

पुढच्या सोमवारी ऑर्फा स्वयंपाकघरात गेली. चुलीवरचं झाकण कुणीतरी वाकवून ठेवलं होतं, त्यावरून तिने पहिल्याच तासाला आरडाओरडा केला.

मंडळाने वर अपील केलं नाही. क्लीव्ह मॅकॉर्ड पुढची निवडणूक हरला. दुकान त्याने मुलाच्या हाती दिलं आणि म्हातारपणी बायको गेल्यावर तो शाळेच्या मोडक्या गाड्या दुरुस्त करून द्यायचा, फुकट. ऑर्फाशी रस्त्यात टोपी काढून बोलायचा. ती उत्तर द्यायची, पण थांबायची नाही. पर्सेल मोठ्या शहरात गेला आणि कोळसा कंपन्यांचे खटले चालवू लागला. थर्मन कामावर असतानाच गेला, पोस्टाच्या वरच्या मजल्यावर. लेनोर फाइन आमच्या डोंगरांतच राहिली. तिने खाणकामगारांच्या फुप्फुसांचे दावे वर्षानुवर्षं लढवले, निम्मे हरली, आणि केस पांढरे झाल्यावर कायद्याच्या शाळेत शिकवू लागली. आयसीमावशी या निकालानंतरच्याच हिवाळ्यात वारली. पास्टर ऑडीच्या बसचं इंजिन मोडलं ते कायमचं.

हायरम आणखी चार वर्षं जगला. शेवटच्या दिवसांत ऑर्फा त्याच्या उशाशी बसून दणकट आवाजात स्तोत्रं म्हणायची, आणि तो म्हणायचा, हळू, देवाला ऐकू येतंय. ऑर्फा टॅकेट सेवानिवृत्त होईपर्यंत त्याच शाळेत रांधत राहिली. निरोपाच्या समारंभात मंडळाच्या नव्या अध्यक्षाने तिला दोन शब्द बोलायला सांगितलं. ती उठली, आणि शाळेच्या छपराला गळती आहे, मुलांच्या ताटात पाणी पडतं, ते केव्हा दुरुस्त करताय, असं तिने सगळ्यांसमोर विचारलं. छप्पर त्या उन्हाळ्यात दुरुस्त झालं.